“हो म्हण बाळा, लवकर सुटशील”

डोंगरी, मुंबई. उमरखाडीतला हा परिसर एके काळी तुरुंगाचा होता. १८८२ साली टिळक आणि आगरकरांनी इथं १०१ दिवस काढले. आज इथं मुलांचं निरीक्षण गृह आहे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवायची जागा.

अशा मुलांची प्रकरणं चालतात ती बाल न्याय मंडळापुढे. या मंडळाची खोली कोर्टासारखी दिसू नये, असा नियमच आहे. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. पोलीस साध्या कपड्यांत. दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजसेवक, त्यांत किमान एक महिला. मुलाच्या कलानं घ्यायचं, हा त्यामागचा हेतू. तो योग्यच आहे.

पण समजा, मोबाईल चोरीच्या आरोपावरून आणलेला सोळा वर्षांचा मुलगा समोर उभा आहे. आई दाराबाहेर. कुणीतरी मायेनंच सांगतं, “हो म्हण बाळा, लवकर सुटशील.” तो हो म्हणतो. चोरी त्यानंच केली का? पुरावा काय होता? कुणी विचारतच नाही. सगळेच त्याचं भलं चिंतणारे, मग भांडणार कोण?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला असंच, त्याच्या भल्यासाठी म्हणून, एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं होतं. तक्रार फोनवर अश्लील बोलल्याची. तक्रारदार बाई सुनावणीला आल्याच नाहीत, वकीलही नव्हता. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी फार तर दोन महिने कैद झाली असती! १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मोफत वकिलाची सोय आहे. पण कलम १५ बघा. मुलानं सोळा पूर्ण केलेली असतील आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ आधी प्राथमिक मूल्यमापन करतं, म्हणजे मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं. त्यावर ठरतं, मोठ्यांसारखा खटला चालवायचा का. आता तज्ज्ञ हळुवारपणे विचारतात, “त्या रात्री तुझ्या मनात काय होतं?” मुलगा सांगू लागला, की गुन्हा कबूल केल्यासारखंच. आणि सिद्ध तर अजून काहीच झालेलं नाही. मूल्यमापनाचं हे काम नाजूक आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये बजावलं.

म्हणून वकील पहिल्याच दिवशी हवा, मुलाला मंडळापुढे आणण्याआधी. त्यानं आवाज चढवायची गरज नाही. पंचनामा नीट वाचावा, जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला मागवावा, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारावेत. आणि पोराला समजवावं: घराबद्दल, शाळेबद्दल मोकळेपणानं बोल, त्या रात्रीबद्दल मात्र आधी माझ्याशी बोल.