न खपलेल्या आठ वह्या

[दृश्य: वर्गातलं लांब टेबल. कागद, पुठ्ठा, दोरा, दाभण.]

निवेदक: वर्ष संपलं की प्रत्येक वहीच्या शेवटी कोरी पानं उरतात. ती सोडवून घ्यायची, त्यांच्या नव्या वह्या शिवायच्या आणि विकायच्या. प्रकल्प एवढाच. मुलं 11-12 वर्षांची.

आठ कागद एकत्र दुमडायचे, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून दोरा ओवायला सुरुवात करायची आणि तिथेच आणून गाठ मारायची. बघायला सोपं वाटतं. पण कागद जरा सरकला की भोक घडीवर न पडता पानात पडतं आणि वही जन्मभर तिरकी. पहिल्या चार वह्या अशाच गेल्या. मुलांनी त्या गुपचूप टेबलाखाली सारल्या.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. शाळेतली कार्यशाळा, सुतारकाम करणारी मुलं.]

हातांनी करून शिकणं ही काही कालची कल्पना नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा काढली, तिथे मुलं सुतारकाम, विणकाम, स्वयंपाक करता करता गणित आणि विज्ञान शिकायची. धंदाही असाच शिकवता येईल, हा विचार पुढे 1919 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ या संस्थेने उचलला. त्यांच्या कार्यक्रमात मुलं खरीखुरी छोटी कंपनी काढतात. शेअर विकून भांडवल उभं करतात, पदाधिकारी निवडतात, वस्तू बनवतात, विकतात. आणि शेवटी कंपनी रीतसर बंद करतात. या शेवटच्या पायरीकडे नंतर येऊ.

[दृश्य: फळ्यावर आकडे.]

वहीला सामानाचा खर्च 6, विक्री 10. चलन कुठलंही धरा. “एका वहीमागे 4 सुटतात, 30 वह्या, म्हणजे 120!” फळ्यावर हे लिहून झालं तेव्हा वर्ग खुशीत होता. बाई काही बोलल्या नाहीत. अशा वेळी गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

[दृश्य: फाटकाजवळ मांडलेलं टेबल. येणारी-जाणारी माणसं.]

विक्रीला एकच अट होती, नातेवाइकांनी घ्यायचं नाही. आई, बाबा, मावशी, काका, सगळ्यांना बंदी. काही पालक नाराज झाले. साहजिक आहे, आपलं लेकरू तासभर उभं आहे आणि कुणी थांबत नाही, हे बघवत नाही. पण घरच्यांनी कौतुकाने सगळा माल उचलला, तर मुलाला कळतं ते इतकंच की आपण जे करू ते खपतं. धंद्याच्या कल्पना नुसत्या सादर करून टाळ्या घ्यायच्या स्पर्धांचंही तसंच आहे. परीक्षक कल्पनेला गुण देतात, पण पाकिटात हात घालत नाहीत.

अनोळखी गिऱ्हाईक मात्र स्पष्ट बोलतं. “रेघा नाहीत?” “खिशात मावेल अशी आहे का?” मुखपृष्ठावरच्या चित्रांवर मुलांनी दोन दिवस घालवले होते. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

18 वह्या विकल्या गेल्या.

[दृश्य: हिशोबाची वही, जवळून.]

जमा 180. आता खर्च. सामान 30 वह्यांचं, म्हणजे 180. टेबलाखालच्या त्या चार वह्या इथे बाहेर निघाल्या. त्यांचा पुठ्ठा आणि दोराही पैसे देऊनच आणला होता. आठ धड वह्या पडून. फायदा शून्य. दिवसभर पुठ्ठे कापणाऱ्या मुलाने विचारलं, “आणि माझ्या कामाचं काय?” मजुरी कुणी धरलीच नव्हती. एकूण खर्च, नासधूस, पडून राहिलेला माल, श्रमाचं मोल हे सगळं पुस्तकात चार पानं घेतं. इथे ते एका प्रश्नात आलं, आणि तोही मुलानेच विचारला.

[दृश्य: मुलं गटात वाद घालताना.]

यातून खरंच काही साधतं का? नेदरलँड्समध्ये याच वयाच्या मुलांसाठीच्या पाच दिवसांच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी गट करून मनगटाला बांधायचे मैत्रीबंध बनवले आणि विकले. धंद्याच्या माहितीत त्यांची काही विशेष भर पडली नाही. चिकाटी, स्वतःहून पुढे होणं, जोखीम घ्यायची तयारी मात्र वाढलेली दिसली. त्याच देशात 2010 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला होता. छोटी कंपनी चालवून पाहिल्यावर त्यांच्यातली धंदा काढायची इच्छा उलट कमीच झाली! काहींना हे अपयश वाटतं. मला वाटत नाही. हे आपल्याला झेपणारं किंवा आवडणारं नाही, हे कर्ज काढायच्या आधी कळलेलं काय वाईट?

एक सीमा मात्र पाळायला हवी. काय बनवायचं आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे मुलांनीच ठरवायचं. मोठ्यांनी ठरवलं की ते मुलांकडून काम करवून घेणं झालं, शिकवणं नव्हे.

[दृश्य: वर्गात मतदान. वर झालेले हात.]

आता ती शेवटची पायरी. कंपनी बंद करायची की दुसरी खेप काढायची? एका मुलीचं म्हणणं, तोच कागद अर्धा कापला तर खिशातल्या दोन वह्या होतात, पुठ्ठाही कमी लागतो. रेघा आपणच पट्टीने मारायच्या. बराच वाद झाला. न खपलेल्या आठ वह्या उसवून त्यांचाच कागद वापरायचं ठरलं. ज्यांना थांबायचं होतं, त्यांनी सामानासाठी घातलेलं आपलं भांडवल मोजून परत घेतलं, बाकीच्यांनी पुन्हा घातलं.

पुठ्ठे कापणारा मुलगा थांबणाऱ्यांत होता. पण कापायला त्याच्याएवढा बसलेला हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून कंपनीने त्यालाच विचारलं. तो हो म्हणाला. मजुरी आधी ठरवून.