सरकारचं ते सरकारला परत

नमस्कार श्रोतेहो.

5 एप्रिल 1942, ईस्टरचा रविवार. नॉर्वे नाझी जर्मनीच्या ताब्यात जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्या दिवशी देशभरातल्या ल्यूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या पंथाच्या, चर्चमध्ये पाळकांनी उपदेशपीठावरून एक निवेदन वाचलं आणि सरकारी पदाचा राजीनामा जाहीर केला. दहांतल्या नऊहून अधिक पाळकांनी.

तिथलं चर्च राज्याचं होतं. पाळकाचा पगार सरकारी तिजोरीतून यायचा. म्हणजे राजीनाम्याबरोबर घरची चूल धोक्यात. पण बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपदेश, अंत्यविधी यांतलं काहीही त्यांनी सोडलं नाही. त्यांचं म्हणणं असं: सरकारने जे दिलं ते सरकारला परत. सेवेची दीक्षा सरकारने दिलेली नाही, तर ती परत करायची कोणाला? मंडळीतल्या लोकांनी वर्गणी काढून पाळकांची घरं चालवली.

हे एकाएकी झालं नाही. 1 फेब्रुवारीला नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचा नेता क्विस्लिंग नाझींच्या आशीर्वादाने पंतप्रधान झाला. त्या दिवशी ट्रॉन्डहाइमच्या कॅथेड्रलमध्ये दुपारची उपासना होती, आणि पोलिसांनी लोकांना दारातच अडवलं. कडाक्याची थंडी. माणसं हलली नाहीत. बाहेर बर्फात उभं राहून त्यांनी ल्यूथरचं गीत म्हटलं, देव आमचा भक्कम गड. मग फतवा निघाला की 10 ते 18 वर्षांच्या सगळ्या मुलांनी त्याच्या पक्षाच्या युवक संघटनेत यायचं. 24 फेब्रुवारीला सातही बिशपांनी पद सोडलं. शिक्षक आणि आईबापही विरोधात उभे राहिले.

तुम्ही म्हणाल, बायबलमध्येच ना लिहिलंय, ‘प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’? लिहिलंय. ल्यूथरनेही ते शिकवलं, फार ठासून शिकवलं. 1525 मध्ये शेतकऱ्यांच्या उठावावर त्याने जे जहाल लिहिलं, ते मला आजही वाचवत नाही. पण त्याच ल्यूथरने 1523 साली, काही जर्मन राजांनी बायबलच्या नव्या कराराच्या प्रती जमा करायला लावल्या तेव्हा, सांगितलं: राजाची सत्ता देहावर आणि मालमत्तेवर चालते, आत्म्यावर नाही. पुस्तक स्वतःच्या हाताने देऊ नका. घरात शिरून बळजबरीने नेलं तर सोसा, हात उगारू नका. राजा चुकत असेल तर मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

त्याच लिखाणातलं आणखी एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा: ख्रिस्ती माणसाने स्वतःवरचा अन्याय सोसावा, शेजाऱ्यावरचा सोसू नये. राज्यकारभारात, न्यायदानात, पदावर त्याने जावं ते शेजाऱ्यासाठी.

ओस्लोचे बिशप आयविन बेर्गग्राव हे ल्यूथर कोळून प्यायलेले. 1941 मध्येच त्यांनी ल्यूथरचा दाखला देऊन विचारलं होतं की गाडीवानालाच, म्हणजे राज्यकर्त्यालाच, वेड लागलं तर काय करायचं? ईस्टरच्या आठवड्यातच त्यांना अटक झाली आणि जंगलातल्या एका लाकडी घरात 1945 च्या एप्रिलपर्यंत पहाऱ्यात ठेवलं.

1942 च्याच ऑक्टोबरअखेर नॉर्वेतल्या ज्यू पुरुषांची धरपकड झाली. 10 नोव्हेंबरला चर्चच्या नेत्यांनी थेट क्विस्लिंगला पत्र लिहिलं. त्या पत्रात ना पगाराचा विषय होता, ना कैदेतल्या बिशपांचा. सर्व माणसांचं मोल देवापुढे सारखं आहे, ज्यूंचा छळ थांबवा, एवढंच मागणं.

पत्राला दाद मिळाली नाही. 26 नोव्हेंबरला ओस्लोच्या धक्क्यावरून ‘डोनाउ’ नावाचं जहाज 532 ज्यू माणसांना घेऊन निघालं. पुरुष, बायका, म्हातारे, पोरं. मोजकेच परत आले. ते पत्र आणखी आधी निघायला हवं होतं, असं मला फार वाटतं.