शेवटचा थांबा आणि शिरगणती

नमस्कार श्रोतेहो.

स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या एसटीत कधी बसला आहात? चेलाडीला महामार्ग सुटतो आणि गाडीतल्या गप्पांचा आवाज एकदम वाढतो. आता सगळे ओळखीचेच उरलेले असतात. कुणाच्या मांडीवर खताचं पोतं, कुणाच्या पायाशी शाळेची दप्तरं. पुढच्या वळणांवर एकेक जण उतरत जातो. शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्यांना मात्र अजून अर्धा-पाऊण तास डोंगर चढायचा असतो, कारण त्यांची वाडी गाडीरस्त्यावर नाही.

आज बोलायचंय ते या वाडीबद्दल.

जनगणना मोजते ते महसुली गाव. त्याच्या हद्दीत चार वाड्या असल्या, तरी आकडा एकच लागतो. २०११च्या गणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळाला, वाडीला नाही. गावात बस येते का, रेल्वे स्टेशन किती लांब, हेही जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत असतं. सोय गावात नसेल तर अक्षर लिहितात : पाच किलोमीटरच्या आत असली तर ‘ए’, पाच ते दहा असली तर ‘बी’, त्यापलीकडे ‘सी’. पण गावठाणात बस आली की अख्ख्या गावाला बस आली. वरच्या वाडीतल्या म्हातारीच्या गुडघ्यांना कुठलंच अक्षर नाही.

रस्त्याचा हिशेब वेगळा. डिसेंबर २०००मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि तिने गाव नव्हे, वस्ती हा घटक धरला. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. अट अशी, की वस्तीत सपाटीवर ५०० माणसं हवीत. ठराविक डोंगरी राज्यं आणि आदिवासी भाग यांत २५०. आता सह्याद्रीच्या कुशीतली सगळी गावं सरकारी व्याख्येत ‘डोंगरी’ ठरतात असं नाही, हे चढण चढताना कुणाला सांगून बघा! चाळीस उंबऱ्यांच्या वाडीने ५०० माणसं आणायची कुठून? रस्ता नाही म्हणून पोरं धायरी-कात्रजला खोल्या घेऊन राहतात, पोरं गेली म्हणून संख्या घटते, आणि संख्या घटली म्हणून रस्ता मागे पडतो.

एसटीचं काय? १ जून १९४८ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. पुढे ‘गाव तिथे एसटी’ हे वाक्य घराघरांत पोचलं. वाडीवस्तीवर खरा जीव असतो तो मुक्कामाच्या गाडीत. रात्री शेवटच्या गावी यायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेले पेशंट घेऊन सुटायची. ती गाडी बंद झाली की गावाचं घड्याळच बंद पडतं. मग फाट्यावर जीप भरायची वाट बघायची. ती भरली की निघणार. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि त्याचा फायदा होतोच. पण अर्धं तिकीट फाडायला आधी गाडी यावी लागते.

आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची ती, १ मार्च २०२७ ठरली आहे. मोजणीला येणार बहुधा जिल्हा परिषदेचे गुरुजी किंवा बाई, वाडीपर्यंत पायीच. माणूस सहसा जिथे राहतो तिथे त्याला धरतात. म्हणजे यात्रेच्या वर्गणीच्या वहीत ज्यांची नावं आहेत, ते पुण्यात मोजले जाणार. शेवटच्या घरी गुरुजी विचारतील, “आजी, घरात किती माणसं?” आजी बोटांवर मोजेल : थोरला, धाकटा, दोन सुना, नातवंडं. मग गुरुजी विचारतील, “इथे राहतं कोण?”

“मी हाय की. आन् म्हस.”

म्हशीला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. गुरुजी १ लिहितील, चहा घेतील आणि अंधार पडायच्या आत शेवटच्या थांब्याकडे उतरू लागतील.

नमस्कार.