पोदेर (सायकलवरून येणारा पाववाला) आला की तुमचा कुत्रा कुठे असतो

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात एका पशुवैद्याने दिलेलं व्याख्यान. बोलणं तसंच ठेवलंय, फक्त रिपीट झालेलं काढलंय.)

मागे ऐकू येतंय ना? तो पंखा जरा कमी करा कोणीतरी. तर विषय आहे कुत्र्यांची फूड ॲलर्जी, पण मी खाण्यापासून सुरुवात करणार नाही, कारण क्लिनिकमध्ये लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. "डॉक्टर, ह्याला चिकन चालत नाही वाटतं." कशावरून? "सारखा खाजवतो." अहो, गोव्यात जून ते सप्टेंबर कोण खाजवत नाही सांगा!

आपल्याकडे कुत्रा खाजवायला लागला की आधी पिसवा, गोचिडी आणि खरूज बघायची. मग बुरशी. आपल्या दमट हवेत कानात आणि बोटांच्या बेचक्यात यीस्ट वाढतं, आंबूस खमंग वास येतो, तुम्हाला माहीत असेल तो वास. हे सगळं आधी साफ करायचं, पिसवांचं औषध नीट चालू करायचं आणि तरीही खाज राहिली तर मग ताटाकडे बघायचं. धूळ, परागकण यांची ॲलर्जी सुद्धा असते आणि ती खाण्याच्या ॲलर्जीपेक्षा जास्त आढळते. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि काही कुत्र्यांना दोन्ही असतात, म्हणजे डोकेदुखीच.

मग संशय कधी घ्यायचा? खाज बाराही महिने असेल, पावसाळा उन्हाळा काही फरक नाही, तेव्हा. एकच एक कान पुन्हा पुन्हा वाहतोय, ड्रॉप घातले की पंधरा दिवस बरा आणि मग परत. पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झालेत, तो रंग लाळेचा असतो बरं का, रक्ताचा नव्हे. पोट, जांघा, आणि शेपटीखाली, म्हणजे बूड जमिनीवर घासत चालणं. बूड घासलं की सगळे म्हणतात जंत झाले, कधी खरंच जंत असतात, कधी तिथली ग्रंथी भरलेली असते, पण कानही वाहतोय आणि बूडही घासतोय असं असलं तर माझे कान टवकारतात. पोटाची लक्षणंही बघा. दिवसातून चार पाच वेळा शी, मऊ, पोटात गुडगुड, अधूनमधून उलटी. बरेचदा हे सगळं वर्षाच्या आतल्या पिल्लातच सुरू होतं, पण सात आठ वर्षांच्या कुत्र्यालाही पहिल्यांदा होऊ शकतं.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. "पण डॉक्टर तो तर हेच चार वर्षं खातोय!" अहो म्हणूनच. ॲलर्जी व्हायला त्या प्रोटीनशी आधी ओळख व्हावी लागते. कधीच न खाल्लेल्या गोष्टीची ॲलर्जी सहसा नसते. 2016 मध्ये युरोप-अमेरिकेतल्या प्राण्यांच्या त्वचातज्ज्ञांनी जुने रिपोर्ट एकत्र करून 297 कुत्र्यांचा हिशोब मांडला, त्यात बीफ 34 टक्के, दूध आणि दुधाचे पदार्थ 17, चिकन 15, गहू 13, लॅम्ब 5. ही यादी तिकडच्या कुत्र्यांच्या ताटावरून आली, आपल्याकडे ताट वेगळं. इथला कुत्रा मासे, भात, चिकनच्या माना, दूध आणि पोई, म्हणजे आपला गव्हाचा पाव, खातो, त्यामुळे फिश फूडचं पाकीट आणून "हे सेफ" म्हणू नका, ज्याने जन्मभर तारल्यांची डोकी खाल्ली त्याला मासा काही नवीन नाही.

माशावरून आठवलं. बांगडा बर्फाशिवाय तासनतास राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, शिजवूनही जात नाही, आणि तो खाऊन माणसाच्या अंगावर गांधी उठतात. ती ॲलर्जी नव्हे, ते खराब मासे. तसंच दूध पचलं नाही म्हणून हगवण लागली तर तीही ॲलर्जी नव्हे. आणि कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट ही तर सरळ विषं, म्हणून चोरीसाचा, म्हणजे लसूण घातलेल्या गोवन सॉसेजचा, तुकडा "थोडासाच" देऊ नका.

टेस्ट? हा प्रश्न येणारच. रक्ताची करतात, लाळेची करतात, केस पाठवूनही करतात, आणि पन्नास पदार्थांची लाल हिरवी यादी छापून येते. खाण्याच्या ॲलर्जीसाठी यातल्या कशावरही विसंबून राहता येत नाही, निरोगी कुत्र्यांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात. पैसे वाचवा.

खरी टेस्ट एकच, घरात होते आणि आठ आठवडे चालते. गोव्यात मी ती अशी सांगतो, आपली मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ही परीक्षा 56 दिवसांची, म्हणजे बंदीपेक्षा पाच दिवस कमीच. पाच आठवड्यांत बऱ्याच कुत्र्यांत फरक दिसतो पण आठ आठवडे थांबलं तर दहातले नऊ सापडतात. या काळात कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एक प्रोटीन आणि एक पिष्ट, बस. कोणाला बकऱ्याचं मटण आणि रताळी, कोणाला पोर्क आणि बटाटा. पोर्क ज्या घरात शिजत नाही तिथे मी आग्रह धरत नाही, दुसरं काहीतरी बघतो. मीठ मसाला नाही, हाडं नाहीत. किंवा डॉक्टरकडून मिळणारं हायड्रोलाइज्ड फूड, त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाहीत. महाग आहे, आणि काही कुत्र्यांना त्यावरही खाज येते, पण सोपं आहे. दुकानातलं लॅम्ब राइसचं साधं पाकीट मात्र या कामाला नको. मागची बारीक अक्षरं वाचा, चिकन मील किंवा अंड्याची पावडर निघते, आणि कधी न छापलेलंही आत सापडतं. घरी शिजवलेलं हे खाणं मोठ्या कुत्र्याला आठ आठवडे चालतं, पुढे वर्षानुवर्षं द्यायचं तर कॅल्शियम वगैरे मोजून घालावं लागतं. पिल्लांना तर डॉक्टरला न विचारता मुळीच करू नका.

सांगायला किती सोपं ना? आता टायगरची गोष्ट ऐका. पिवळा लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा, डावा कान वर्षभर वाहत होता. घरच्यांची खात्री की चिकनच. मटण रताळी सुरू केलं, वही ठेवली, रोज रात्री खाजेला दहापैकी मार्क. आठवरून पाचवर आलं आणि तिथेच अडकलं, सहावा आठवडा आला तरी पाच. मी विचारलं कोण काय देतं? कोणीच काही देत नाही. मग त्यांच्या शाळेतल्या मुलीने सांगितलं, सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की टायगर गेटवर पळतो आणि आजी पोईचा कोपरा चहात बुडवून त्याला देते. आजी म्हणाल्या, "तें खाण न्हय मरे, तो पोदेराचो मान!" त्यांच्या हिशोबात पोई खाणं नव्हतंच. गहू आणि दूध दोन्ही एका घासात!

पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. आणि यावेळी घोळ मी घातला. चौथ्या आठवड्यात गोचिडीची गोळी द्यायची होती, मी सवयीने चघळायची दिली, बीफ फ्लेवरची. दोन दिवसांनी फोन, "डॉक्टर, मार्क सहा." माझीच चूक, त्यांना तसं सांगितलं, कोणी काही बोललं नाही पण आजींनी माझ्याकडे असं बघितलं की बस. आता मी आधीच मानेवर टाकायचं औषध देतो. फ्लेवरची टूथपेस्ट, कॅल्शियमच्या गोळ्या, गोळी लपवायला चीजचा तुकडा, सगळं यात येतं. मांजराचा वाडगा वर ठेवा. शेजाऱ्यांना सांगा, चतुर्थीला पाहुणे येणार असतील तर ट्रायल पुढे ढकला, खरंच, नेवऱ्यांच्या ताटासमोर कोणाचाच निर्धार टिकत नाही.

आठ आठवड्यांनी टायगर एकवर आला. इथे लोक थांबतात, कुत्रा बरा झाला ना, कशाला पुन्हा छळायचं. पण अर्धं काम इथूनच आहे. जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं, प्रत्येक पदार्थ दोन आठवडे, खाज आली की लगेच बंद. दिलंच नाही तर तो खाण्याने बरा झाला की पिसवांच्या औषधाने, की नुसतं पाऊस गेल्यामुळे, कसं कळणार? आम्ही आधी चिकन दिलं, सगळे श्वास रोखून बसलेले. चौदा दिवस काही नाही. चिकन बिचारं निर्दोष. मग दूध, तेही काही नाही. मग साधी कोरडी पोई. तिसऱ्या दिवशी कान लाल, पंजे चाटणं सुरू. गहू.

प्रश्न काय होता? हो, हे बरं होत नाही, टाळायचं असतं, जन्मभर. खाजेच्या गोळ्या, स्टेरॉइड सुरुवातीला थोडे दिवस देतो, कुत्र्याची झोप होत नाही हो, पण त्या बंद करून मग काही दिवस बघावं लागतं, नाहीतर गोळीचा गुण आपण खाण्याच्या नावावर लिहितो. आणि कानात पू असताना ट्रायल सुरू केली तर काहीच कळत नाही, आधी कान बरा.

टायगर अजून हॉर्न वाजला की गेटवर पळतो. आजी पोई घेतात, सायकल पुढे जाऊ देतात आणि पदरातून उकडलेल्या रताळ्याचा तुकडा काढतात. चहात बुडवतात मात्र अजून. मी काही बोलत नाही, कोराच असतो तो.