मला कोंडून ठेवा : लांडगामाणसाच्या सिनेमांविषयी

(सांगलीत चित्रपट रसिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. पुढं कितीतरी वर्षं पौराणिक नाटकांतले राक्षस ‘अलल्लऽ डुर्र’ अशा आरोळ्या ठोकत रंगमंचावर यायचे. राक्षस आला की तो राक्षसच. त्याला ना लाज, ना पश्चात्ताप. ड्रॅक्युलाचंही तेच, वर ऐट फार. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो वेअरवुल्फ, म्हणजे रात्री लांडगा होणारा माणूस, मात्र सकाळी उठून स्वतःचे हात बघतो आणि हादरतो. म्हणून वेअरवुल्फचा सिनेमा बघावा की नाही, हे ठरवायची माझी कसोटी एकच. ‘मला कोंडून ठेवा, बांधून ठेवा’ अशी गयावया तो त्यात करतो का?

सुरुवात १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’पासून करा. त्याआधी १९३५ ला ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’ आला होता, पण तो अभ्यासकांसाठी ठेवू. ‘वुल्फ मॅन’मध्ये लॉन चेनी ज्युनियर म्हणजे लॅरी, आणि क्लॉड रेन्स त्याचे वडील. मुलगा सांगतोय, मी रात्री माणसं मारतो. वडील शिकले सवरलेले. ते म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ. पोराची खात्री पटावी म्हणून ते त्याला खुर्चीला करकचून बांधतात आणि बाहेर निघतात. तेव्हा हा विनवतो, बाबा, ती चांदीच्या मुठीची काठी तेवढी सोबत घ्या. पुढं धुक्यातल्या रानात एक जनावर अंगावर येतं आणि वडील त्याच काठीनं त्याला ठेचतात. मग डोळ्यांदेखत केस ओसरत जातात आणि खाली मुलाचा चेहरा. त्या वेळी क्लॉड रेन्सकडे बघा, चेनीकडे नको.

पटकथा कर्ट सिओडमॅकची. हा ज्यू लेखक, नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून निघालेला. सिनेमात लांडगामाणसाला पुढच्या बळीच्या तळहातावर चांदणी दिसते. नाझी ज्यूंना कपड्यांवर चांदणी लावायला भाग पाडत होते, त्याच १९४१ साली, ज्यू लेखकाच्या हातून, माणसावर चांदणीची खूण! मी ओढूनताणून अर्थ लावतोय असं वाटलं तर वाटू द्या. शुद्ध मनाचा माणूससुद्धा लांडगा होऊ शकतो, असं सांगणारा त्यातला श्लोक लोकांना जुना, परंपरेनं आलेला वाटतो. तो सिओडमॅकनंच रचला. आणि पौर्णिमेलाच माणसाचा लांडगा होतो, ते? पहिल्या श्लोकात नुसता शरदाचा चंद्र आहे. पूर्ण चंद्र आला तो १९४३ च्या पुढच्या भागात. (खरा लांडगा बिचारा यात नाहक बदनाम झाला. माण, आटपाडीच्या माळावरच्या धनगरांना विचारा. तो मेंढरू उचलतो आणि पळतो.)

१९६१ चा हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’ ऑलिव्हर रीडसाठी बघावा. पण मला वेळ द्यायचाय तो जॉन लँडिसच्या ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ला. साल १९८१. त्यातलं रूपांतर अंधारात, सावल्यांत नाही. चक्क बैठकीच्या खोलीत, दिवे लावून, मागं ‘ब्लू मून’ गाणं चालू. तळहात ताणत ताणत पंजाएवढा लांब होतो आणि तो पोरगा त्या हाताकडे बघून ओरडत राहतो. संगणक नाही, सगळं रबर आणि हातचलाखी. अंगावर केस उगवतात ना, ते खरं तर नकली कातडीतून केस आत ओढून चित्रीत केलं आणि फिल्म उलटी चालवली. त्या वर्षी मेकअपसाठी ऑस्करचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि पहिलं पारितोषिक या कामासाठी रिक बेकरला मिळालं. आणि आपली कसोटी? हा पठ्ठ्या भर ट्रॅफल्गर चौकात राणीला शिव्या देतो, मला अटक करा म्हणतो, आणि पोलीस करत नाहीत! हसू येतं आणि पोटात कालवतंही.

त्याच वर्षीचा ‘द हाऊलिंग’ही चांगला. मात्र तिथल्या काहींना लांडगा असण्यात मजा वाटते, म्हणून माझ्या लेखी एक पायरी खाली. ‘ट्वायलाइट’चे लांडगे मी सोडून देतो, ते फारच देखणे आहेत. नील मार्शलचा ‘डॉग सोल्जर्स’ (२००२) माझ्या कसोटीत सपशेल नापास होतो, तरी बघाच. स्कॉटलंडच्या डोंगरातलं एक घर, आत सैनिक, बाहेर लांडगे. श्वास घ्यायला सवड नाही.

कॅनडाचा ‘जिंजर स्नॅप्स’ (२०००) आया आणि लेकींनी मिळून बघावा. मोठ्या बहिणीची पाळी सुरू होते, त्याच रात्री तिला लांडगा चावतो. अंगात होणारे बदल नक्की कशाचे, हे घरात कुणाला कळत नाही. इथं कोंडून ठेवायचं काम धाकटीवर येतं.

आपल्याकडे ‘जुनून’मध्ये (१९९२) राहुल रॉय पौर्णिमेला वाघ व्हायचा, कुतूहल म्हणून ठीक. ‘भेडिया’ (२०२२) जास्त जमलाय. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला गेलेल्या माणसालाच लांडगा चावतो, तोही भलत्या जागी.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मुलांना यातलं काय दाखवू? ‘वुल्फ मॅन’ दाखवा. कृष्णधवल आहे, अवघा सत्तर मिनिटांचा, आणि रक्त जवळजवळ नाहीच. १९८१ चे दोन्ही मात्र मुलं झोपल्यावर.