शुक्रवारचा डबा

(दृश्य : पहाटेचा ओटा. तव्यावर चपाती फुगते आहे. बाहेर अजून अंधार.)

नाशिकमधल्या जेल रोडवरच्या एका घरात साडेपाचला डबा भरला जातोय. मटकीची उसळ, तीन चपात्या, वाटीभर भात, कैरीच्या दोन फोडी. सातची पाळी आहे सातपूरला, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आज शुक्रवार, उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला. कॅथलिक घरात या डब्यात मांसाचा तुकडा नसतो. एवढं सोडलं तर हा डबा कालच्यासारखाच आहे.

दुपारी कँटीनमध्ये झाकण निघालं की शेजारचा विचारणारच, "तुमचा उपवास आहे ना? मग चपाती कशी चालते?"

प्रश्न रास्त आहे. नाशिकमध्ये उपवास म्हटला की साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं. धान्य बाद, मीठही काही घरांत सैंधवच. कॅथलिक उपवासात धान्याला बंदी नाही. तिथे दोन वेगळे नियम आहेत आणि गंमत म्हणजे खुद्द कॅथलिक घरांतही त्यांची सरमिसळ होते.

पहिला नियम मांस वर्ज्य करण्याचा. कोंबडी, बोकड, डुक्कर नाही. मासे चालतात, अंडी आणि दूधदुभतं चालतं. वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर हा नियम लागू होतो आणि म्हातारपणी संपत नाही. दुसरा नियम उपवासाचा, म्हणजे कमी जेवण्याचा. दिवसात एकच पोटभर जेवण. सकाळी आणि रात्री थोडं खाल्लं तर चालतं, पण ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतकं होता कामा नये. हा नियम वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. आणि वर्षातून तो सक्तीचा असतो फक्त दोन दिवस : राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळावर राख लावतात तो) आणि गुड फ्रायडे.

म्हणजे आजच्या या साध्या शुक्रवारी तीन चपात्या खाल्ल्या काय आणि चार खाल्ल्या काय, नियम मोडत नाही. गुड फ्रायडेला मात्र मोजावं लागतं. दुपारी पूर्ण ताट, मग सकाळी चहासोबत एक चपाती आणि रात्री एक भाकरी, थोडं पिठलं. इथेच घसरायला होतं. शेजारणीने आपलेपणाने साबुदाण्याची खिचडी पाठवलेली असते, तूप आणि दाण्याचा कूट सढळ. ती 'उपवासाची' म्हणून सकाळी दोन बशा खाल्ल्या, तर पदार्थ उपवासाचा आणि उपवास मोडलेला. मिसळीचंही तेच. मांस नाही हे खरं, पण चार पाव आणि दोनदा रस्सा घेतल्यावर त्याला 'थोडं' म्हणता येत नाही.

मधुमेह असलेले, आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना उपवास करायचा नाही. भट्टीपाशी किंवा उन्हात अंगमेहनत करणाऱ्यालाही सूट आहे. इन्सुलिन घेऊन उपाशी राहण्यात पुण्य नाही, चक्कर आहे. वर्षभरातल्या इतर शुक्रवारी मांस टाळण्याऐवजी दुसरी तपस्या चालते का, हे त्या त्या देशातल्या बिशपांची परिषद ठरवते. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, काय लागू आहे ते फादरांना विचारलेलं बरं.

आणि सुरमई? नियमात बसते. पण मटणापेक्षा महाग मासळी आणून शुक्रवार 'पाळणं' म्हणजे वकिली झाली. वाटीभर सुकट त्यापेक्षा प्रामाणिक.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका. बोट तारखांवरून सरकतं.)

उपवासकाळ 40 दिवसांचा म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 भरतात. मधले सहा रविवार वजा होतात, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. शुक्रवार मात्र सात येतात. आणि एखाद्या शुक्रवारी मोठा सण आला, तर मांसाचा नियम त्या दिवसापुरता उठतो. 2027 साली संत योसेफाचा सण, 19 मार्च, शुक्रवारीच आहे. त्या दिवशी डब्यात कोंबडी असली तर चुकीचं काही नाही.

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान, आणि तिच्यासोबत सगळंच हलतं. नाशिकमध्ये हा काळ द्राक्षांच्या काढणीचा, दहावीच्या परीक्षेचा आणि हळूहळू तापत जाणाऱ्या उन्हाचा. लग्नं शक्यतो ईस्टरनंतर काढली जातात. सणासारखं मोठं लग्न उपवासकाळाच्या जांभळ्या रंगात, वेदीवर फुलं नसताना, आलेलुयाचा आनंदघोष न गाता लावायला कुणाचं मन होत नाही.

(दृश्य : चर्चच्या आवारात लोखंडी घमेलं. वाळलेल्या झावळ्या.)

राख येते कुठून? गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघर क्रुसामागे खोचलेल्या असतात. राखेच्या बुधवारच्या आधी एक-दोन रविवार त्या चर्चमध्ये जमा करायच्या. जमा करताना रिबिनी, टाचण्या, प्लॅस्टिकची फुलं काढून टाकायची. तेवढं केलं नाही की राखेत चिकट काळे गोळे होतात आणि धूर डोळ्यांत जातो. झावळ्या कडक वाळलेल्या हव्यात, ओलसर राहिल्या तर जळण्याऐवजी कोळसतात. जाळून थंड झाल्यावर राख बारीक चाळणीने चाळायची.

चाळलेली राख कोरडीच वापरावी, फार तर तेलाचा थेंब. पाणी घालून लगदा करण्याचा मोह होतो, कारण मग कपाळावर क्रूस ठसठशीत उमटतो. पण राखेतला क्षार पाण्यात उतरतो. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या ते याच गुणामुळे. तो लगदा नाजूक कातडीवर तासभर राहिला तर आग होते, फोडही येऊ शकतो. कोरडी राख थोडी झडते, पुसट दिसते. दिसू द्यावी.

जमा करायच्या राहिलेल्या झावळ्या, तुटलेली जपमाळ, भंगलेली मूर्ती घंटागाडीत टाकायची नसते. जळणारी वस्तू जाळून राख मातीत मिसळायची, न जळणारी पुरायची. नदीत सोडायची पद्धत नाही. गोदावरीवर तो भार नको.

(दृश्य : नाशिक रोडचं बाळ येशूचं देऊळ. हात जोडलेली माणसं, मेणबत्त्यांचे थर.)

फेब्रुवारीत इथे यात्रा भरते. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, 1987 साली पुण्यापासून वेगळा झाला. नाशिकबरोबर अहिल्यानगर आणि खानदेशातलीही गावं त्यात येतात, म्हणून यात्रेत श्रीरामपूर-राहात्याकडची मराठी आणि मुंबई-वसईची मराठी एकाच रांगेत ऐकू येते. नवसाला येणाऱ्यांत सगळे ख्रिस्ती नसतात. यात्रेचे फोटो सगळीकडे असतात. आपल्याला बघायचंय ते यात्रा उठल्यावरचं.

(दृश्य : रात्रीची खोली. टीव्ही बंद. शहाबादी फरशीवर सतरंजी.)

रात्रीचे साडेआठ. जपमाळ. माळेत 59 मणी, 53 छोटे आणि 6 मोठे. छोट्या मण्यावर 'नमो मरिये', मोठ्यावर प्रभूची प्रार्थना. दहा मण्यांचं एक दशक, अशी पाच. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली सुचवली. त्याआधी छापलेल्या जुन्या पुस्तिकेत ती सापडत नाहीत आणि आजी-नातवंडांत दर गुरुवारी वाद होतो.

न घाई करता म्हटली तर पूर्ण माळ वीस मिनिटं घेते. बारा मिनिटांत उरकली तर शब्द गिळले गेलेत असं समजावं. हे गिळणं होतं एका ठरावीक जागी. 'नमो मरिये' या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. सांगणारा 'येशू' या नावापर्यंत म्हणतो, बाकीचे 'पवित्र मरिये' पासून उचलतात. त्यांनी 'येशू' ऐकायच्या आधीच सुरुवात केली की दोन्ही भाग एकमेकांवर चढतात, आणि नेमकं ज्या नावासाठी ही प्रार्थना आहे तेच बुडतं. उपाय साधा : सांगणाऱ्याने त्या नावानंतर एक श्वास थांबायचं.

घरातली जपमाळ बंद पडते ती श्रद्धा आटल्यामुळे क्वचितच. वेळ चुकीची धरल्याने जास्त. जेवणानंतर साडेदहाला बसलं की मुलं दुसऱ्या दशकात पेंगतात आणि मग घरात रागावणं सुरू होतं. रागावून म्हणवलेली प्रार्थना मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदा सोडतात. जेवणाआधीची वेळ धरा. लहान मुलाला एका दशकाचा सांगणारा करा, मणी त्याच्या हातात द्या. गुडघे टेकणं पहिल्या आणि शेवटच्या प्रार्थनेपुरतं पुरे. डिसेंबरात ती फरशी किती गार पडते हे नाशिककरांना सांगायला नको. पाच दशकं जमत नसतील तर एक म्हणा. चार मिनिटं. रोजचं एक दशक महिन्यातून एकदा उत्साहाने म्हटलेल्या पूर्ण माळेपेक्षा घरात जास्त टिकतं.

तिसऱ्या पाळीवाला घरच्यांबरोबर बसू शकत नाही. त्याच्या खिशात दहा मण्यांची अंगठी असते, किंवा हाताची दहा बोटं.

(दृश्य : रविवारची सकाळ. दुचाकी चर्चबाहेर लागताहेत.)

पाळीचा खरा पेच रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येतो. रविवारचं कर्तव्य शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही पूर्ण होतं, कारण सणाचा दिवस आदल्या संध्याकाळपासून मोजतात. रविवारी पहिली पाळी असेल तर शनिवारची संध्याकाळ राखून ठेवायची. खरोखरच जमलं नाही, आजारी माणूस सोडून जाता आलं नाही, तर ते पाप नव्हे. मोबाईलवर मिस्सा बघणं आजाऱ्याला आधाराचं आहे. धडधाकट माणसाने गादीत पडून चहा घेत बघितलेली मिस्सा ही हजेरी धरली जात नाही.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायच्या आधी तासभर काही खायचं नाही. हा तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नव्हे, ख्रिस्तप्रसादाआधीचा. पाणी आणि औषध चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे या तासातून मोकळे आहेत. च्युइंगमही टाळावं.

पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं, लोक ठेवतात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यावर, आणि मग रांग दरवाजाबाहेर जाते. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात गेलं तर फादरांनाही वेळ असतो. आधी घरी पाच मिनिटं बसून आठवायचं. आत गेल्यावर मागचं पापनिवेदन कधी झालं ते सांगायचं, मग गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा. तपशिलाची कादंबरी नको, दुसऱ्यांची नावं नकोत. सासूने काय केलं आणि साहेबाने काय केलं, हे सांगायची ती जागा नाही. तिथे फक्त आपलं. मराठीतच बोला, ज्या भाषेत भांडलो त्याच भाषेत पश्चात्ताप नीट सांगता येतो. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्य तर चर्चमधून निघण्याआधी पूर्ण करायचं. उद्यावर टाकलं की विसरतं.

(दृश्य : फळीवर पुठ्ठ्याचा डबा, वर फट. नाणी पडल्याचा आवाज.)

आता शुक्रवारच्या त्या जेवणाच्या डब्याकडे परत. मांस टाळलं म्हणजे पैसे वाचले. ते वाचलेले पैसे घरात राहिले तर ती काटकसर. उपवासकाळात दान हे उपवासाचं दुसरं टोक आहे. कारितास इंडिया ही कॅथलिक सेवासंस्था दरवर्षी या काळात भूक आणि रोगाविरुद्ध मोहीम चालवते, त्यासाठी धर्मग्रामांत निधी गोळा होतो. घरी रिकामा डबा ठेवून दर शुक्रवारी वाचलेले पैसे त्यात टाकायचे, त्याच दिवशी. सात शुक्रवारांचं शेवटी एकदम टाकू म्हटलं की शेवटी शंभराची एक नोट पडते.

(दृश्य : ईस्टरची रात्र. आवारात पेटवलेला अग्नी, मोठी मेणबत्ती, हातोहात पसरत जाणारा उजेड.)

ईस्टरच्या रात्री पाणी आशीर्वादित होतं आणि लोक बाटल्या भरून नेतात. बाटली स्वच्छ आणि कोरडी असावी, काचेची असली तर उत्तम. उन्हात ठेवली की पाण्यात शेवाळ धरतं, मग ते झाडाच्या मुळाशी मातीत ओतायचं, बेसिनमध्ये नाही. आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवायचीच. एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या घरात बिननावाची पाण्याची बाटली फ्रिजमध्ये गेली, तर दुपारी उन्हातून आलेलं कुणीतरी ती एका दमात संपवतं.