तुळई खांबावर बसलेली हवी

अमेरिकेतल्या असंख्य घरांच्या मागच्या दाराबाहेर, जमिनीपासून काही फूट उंच, लाकडी फळ्यांचा मोकळा सज्जा असतो. त्याला डेक म्हणतात. फळ्यांखाली कड्या म्हणजे आडवे वासे, कड्यांखाली तुळई आणि तुळईखाली खांब, अशी ही भाराची उतरंड असते. डेक कोसळतो तेव्हा बहुधा घराच्या भिंतीला जोडलेली बाजू आधी निखळते, हे खरे. पण तुळई आणि खांब यांचा सांधा कच्चा असेल, तर भिंतीकडचे चोख कामही उपयोगी पडत नाही.

तिथल्या बांधकाम नियमांत डेकच्या प्रत्येक चौरस फुटामागे 40 पौंड वर्दळीचा भार धरतात. 12 फूट लांबी-रुंदीच्या डेकसाठी तो सुमारे 2600 किलो होतो आणि तुळई बाहेरच्या कडेला असल्यास त्यातला निम्मा तिच्यावर येतो. खांबाच्या दोन्ही अंगांना एकेक फळी लावून आरपार बोल्ट आवळण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. तिच्यात हा सगळा भार बोल्टांवर लटकतो, बोल्टाखालचे लाकूड चेपते आणि फळीला चीर जाते. म्हणूनच आता तुळई खांबावर टेकलेली असावी, असा आग्रह आहे. आपल्या जुन्या वाड्यांतली तुळईसुद्धा खांबाच्या माथ्यावरच विसावलेली दिसते.

यासाठी खांबाच्या माथ्याला खाच घेतात. सहा इंची म्हणून विकला जाणारा खांब प्रत्यक्षात साडेपाच इंचांचा असतो; दोन फळ्या जोडून केलेल्या तुळईसाठी तीन इंच कापले, तरी मागे अडीच इंच लाकूड उरते. चार इंची खांब मात्र मुळात साडेतीन इंचांचाच असल्याने त्यात अर्ध्या इंचाची कपची तेवढी शिल्लक राहते, आणि तिच्यावर बोल्ट आवळणे म्हणजे शुद्ध धूळफेक.

खाचेत बसलेली तुळई अर्धा इंच जाडीच्या दोन आरपार बोल्टांनी, वॉशर घालून, जखडतात. नुसत्या खिळ्यांवर भागवत नाहीत. खाच न घेता खांबावर धातूची टोपीही बसवता येते. डेकचे लाकूड कुजू नये म्हणून त्यात रसायने मुरवतात. निवासी बांधकामातून 2004 पासून आर्सेनिकयुक्त लाकूड हद्दपार झाले, तेव्हापासूनच्या रसायनांमध्ये तांब्याचे प्रमाण जास्त असते आणि ते साध्या लोखंडाला खाते. त्यामुळे बोल्ट जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे लागतात. ओले लाकूड वाळून आकसले की नट ढिले पडतात, म्हणून ते काही महिन्यांनी पुन्हा पान्याने तपासून आवळावेत.